चार मात्रांची जागा

देशमाने बाईंनी मला पहिल्यांदा झापलं ते मी प्रार्थनेला नुसते ओठ हलवत होते म्हणून. ब्याण्णव सालचा जून होता. मी शाळेत नवी, विज्ञानाची शिक्षिका. प्रार्थना संपून मुलं वर्गात गेली, तशी एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही विज्ञानाच्या ना? मग खोटं कशाला? येत नसेल तर गप्प उभं राहावं. गप्प राहण्यात कमीपणा नाही, ओठ हलवण्यात आहे."

एवढं बोलून त्या वळल्या आणि निघून गेल्या. मी म्हात्रेमामांकडे बघितलं. म्हात्रेमामा शाळेचे शिपाई, जवळच्याच गावातले. ते हसत म्हणाले, "बाईंचंच गानं हाय ते, म्हनून. तुमी शिकून घ्या, मॅडम. दुसरा इलाज नाय."

शाळा जुईनगरची, मराठी माध्यमाची. तेव्हा जुईनगर म्हणजे अर्धवट उभ्या इमारती, मधे मुरमाचे ढीग आणि दुपारी खाडीकडून येणारा खारट वारा. घाऊक मालाच्या मार्केटात पाठीवर पोती वाहणाऱ्या साताऱ्याकडच्या माणसांची मुलं आमच्याकडे होती, जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांची होती, आणि मुंबईत जागा परवडत नाही म्हणून खाडी ओलांडून आलेल्या आमच्यासारख्यांचीही होती. शाळा निघाली तेव्हा मैदान म्हणून नुसता भराव होता. त्यावर पहिल्या वर्षी मुलांनी झाडं लावली, आणि त्या निमित्तानं बाईंनी ही धरणीमातेची प्रार्थना लिहिली. तिचं पहिलं कडवं मला आजही पाठ आहे:

उन्हात तपते, दवात भिजते,
तूच राखशी कोंभ कोवळे;
तुझ्याच अंगी रुजलो आम्ही,
पसरू दे हे मूळ मोकळे.
कुशीत घे गे, कुशीत घे.

शेवटची ओळ प्रत्येक कडव्यानंतर यायची. प्रार्थना चालू असताना म्हात्रेमामा चपला काढून उभे राहायचे. "हितं आमची भाताची खाचरां व्हती," एकदा त्यांनी सांगितलं होतं. "शेतान चपला घालून कोन जातंय?"

बाई मराठी शिकवायच्या. मूळच्या उमरग्याकडच्या, लग्न होऊन साताऱ्याच्या देशमान्यांकडे आलेल्या. यजमान मार्केटात कारकून होते, ते वारून बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण माहेरच्याच गावात दिलेली होती आणि दिवाळीची सुट्टी लागली की बाई तिच्याकडे जायच्या. योगायोगानं त्या आमच्याच सोसायटीत राहायच्या, मी दुसऱ्या मजल्यावर, त्या तिसऱ्या. त्यामुळे शाळेतल्या बाई आणि घरातल्या बाई अशा दोन्ही मी पाहिल्या. फरक काहीच नव्हता. घरीही त्या तशाच, वाक्याचं वजन करून बोलणाऱ्या.

कवितेचं वृत्त शिकवताना त्या फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा शेवटी काढायच्या. आधी सगळा वर्ग व्हरांड्यात. ओळ म्हणत चालायचं. लघु अक्षराला एक फरशी, गुरूला दोन. ज्याची ओळ सोळाव्या फरशीवर नीट संपली त्याची मात्रा बसली. शेजारच्या वर्गात मी शिकवत असले की दारातून कधी टांगा टाकणारी, कधी तुरुतुरु जाणारी मुलं दिसायची. बाईंचा आवाज मात्र एका पट्टीत. "पळू नकोस. कविता कुठं पळून जात नाही."

एकदा नितीन नावाच्या मुलानं त्यांच्याच प्रार्थनेतली चूक काढली. "बाई, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू असतं, पुस्तकात दिलंय. मग 'तुझ्याच'मधला 'तु' गुरू. एक मात्रा जास्त झाली."

बाई खूश झाल्या. त्यांच्या चुका काढणारं मूल त्यांना फार आवडायचं.

"म्हण बरं, 'पुस्तक'."

"पुस्तक."

"'पु'वर जोर आला?"

"आला."

"आता म्हण, 'तुझ्या'."

नितीन दोन-तीनदा पुटपुटला. "नाही येत."

"मग? पुस्तकाचं ऐकावं, पण जिभेचं आधी."

यमकाबद्दल त्या फार कडक होत्या. माते-नाते, आई-बाई ही यमकं त्यांच्या लेखी बाजारात किलोवर मिळणारी. "यमक दार वाजवून यावं, दार मोडून नव्हे," असं म्हणायच्या. आमच्या तळमजल्यावरच्या सावंत वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी उखाणा लिहून घ्यायला बाईंकडे गेली. तिनं घरून सुरुवात करून आणली होती, चांदीच्या ताटाची.

"ताट चांदीचं आहे का तुमच्याकडे?"

"नाही बाई."

"मग स्टीलचं म्हण. नवऱ्याचं नाव पहिल्यांदा घेणार, त्यात खोटं कशाला?"

आणि तिनं लग्नात खरोखर स्टीलच्या ताटाचा उखाणा घेतला. मांडव हसून लोळला. सावंत वहिनी महिनाभर बाईंशी बोलल्या नाहीत.

त्यांचा सगळ्यात मोठा राग मात्र एका गोष्टीवर होता. मात्रा बसत नाही म्हणून दीर्घ अक्षर ऱ्हस्व करून टाकायची कवींना मुभा असते, ती त्यांना मान्यच नव्हती. "चप्पल बसत नाही म्हणून टाच तासायची का?" असं विचारायच्या. आपल्या प्रार्थनेत सगळ्या कडव्यांत मिळून एकही दीर्घ आपण तोडलेला नाही, याचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या कुठल्याच गोष्टीचा त्यांना अभिमान असलेला मी पाहिला नाही.

स्नेहसंमेलनाला एकदा एक मोठे पाहुणे आले. त्यांना घाई होती. मुख्याध्यापक राणे सर विंगेत येऊन हळूच म्हणाले, "बाई, ती 'कुशीत घे' आज एकेकदाच घेऊया का? दोन-दोनदा तेच तेच... पाहुण्यांना निघायचंय."

"सर, दुसऱ्यांदा म्हणणं म्हणजे तेच म्हणणं नव्हे," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा आपण मागतो. दुसऱ्यांदा, ऐकलंस का, म्हणून विचारतो. पाहुण्यांना घाई असेल तर एक कडवं कमी करा. विचारणं कमी करू नका."

सरांनी पाहुण्यांचा सत्कार लहान केला आणि वेळ जमवली. राणे सर कोकणातले, मनानं फार भले. बाईंना ते घाबरायचे आणि बाईंशिवाय त्यांचं पानही हलायचं नाही.

त्र्याण्णव सालचे गणपती गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरली. विसर्जनाच्या जागरणानं निम्मी मुलं पेंगत होती. बाईंनी प्रार्थना नेहमीसारखी म्हणवून घेतली. आवाज पडला म्हणून शेवटची ओळ पुन्हा एकदा म्हणायला लावली. मधल्या सुट्टीत राणे सर ऑफिसातला रेडिओ तसाच चालू ठेवून बाहेर आले. लातूरकडे पहाटे भूकंप झाला होता. गावांची नावं सांगत होते.

बाई डबा उघडून बसल्या होत्या. सरांनी त्यांना गाव विचारलं. बाईंनी सांगितलं. ते नाव सरांनी नुकतंच रेडिओवर ऐकलं होतं. बाईंनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं का ते दाबून बघितलं, आणि म्हणाल्या, "मला जावं लागेल."

हायवेवर सोलापूरकडची एसटी धरेपर्यंत मी त्यांच्याबरोबर होते. गाडीत चढताना फक्त म्हणाल्या, "आठवीचा तास कुणाला तरी द्या."

त्या परत आल्या तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. बहीण, मेहुणे आणि दोन भाचे गेले होते. नऊ वर्षांची भाची वाचली होती, भामा. दगड-मातीचं घर वरच्या माळवदासकट खाली आलं, आणि ती एका तुळईच्या आडोशाला राहिली. गावातल्या माणसांनी हातांनी माती उपसून दुपारी तिला बाहेर काढली. हे बाईंनी एकदाच, सरळ सांगितलं आणि पुन्हा त्यावर बोलल्या नाहीत.

भामाच्या अंगावर ओरखडासुद्धा राहिला नव्हता. बोलायचीही, गरजेपुरतं. पण ती छपराखाली जायची नाही. स्लॅब बघितला की जिन्याच्या तोंडाशी थबकायची आणि पुढे पाऊल टाकायची नाही. तेव्हा सावंत वहिनी, त्याच त्या, बाहेर आल्या. त्यांच्या दारापुढे अंगणवजा फरसबंदी होती. "हयच झोपा गो दोघी. माझो पंखो लावतंय भायर," त्या मालवणीत म्हणाल्या. सोसायटीचे सेक्रेटरी काहीतरी नियम सांगायला आले होते, त्यांना वहिनींनी परस्पर वाटेला लावलं. दोन महिने बाई आणि भामा तिथं झोपल्या. सकाळी बाई वर जाऊन आंघोळ, स्वयंपाक करायच्या आणि भामाचं ताट खाली आणायच्या.

शाळेत बाई रुजू झाल्या त्या दिवशी प्रार्थनेला दुसरंच गाणं सुरू झालं. बाई रांगेच्या कडेला ऐकत उभ्या राहिल्या. मग ऑफिसात गेल्या.

"सर, आपली प्रार्थना कुठं गेली?"

राणे सर अवघडले. "बाई, म्हटलं, तुम्हाला त्रास नको. ते शब्द जरा..."

"मला होणारा त्रास मला होऊ दे. पोरांनी ती पाठ केलीय. त्यांची कशाला थांबवता?"

दुसऱ्या दिवसापासून जुनी प्रार्थना परत सुरू झाली. बाई समोर उभ्या राहून म्हणायच्या. पण कडवं संपलं की त्यांचे ओठ मिटायचे. "कुशीत घे गे" मुलं एकटी म्हणायची. ओळ संपली की बाई पुढचं कडवं उचलायच्या. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. एकदा स्टाफरूममध्ये आपणहून त्या म्हणाल्या, "आई मारते तेव्हा पोर आईलाच बिलगतं, असं मी वर्गात सांगायचे. आता नाही सांगत."

भामाला चौथीत घातलं. तिचा वर्गही ती व्हरांड्याबाहेरच्या उघड्या पायरीवर बसून ऐकायची. प्रार्थना मैदानातच असल्यामुळे तिथं ती रांगेत उभी राहायची. पण पहिल्याच दिवशी "कुशीत घे गे" सुरू झालं आणि ती मटकन खाली बसली, दोन्ही कानांवर हात ठेवून. म्हात्रेमामा धावले, त्यांना बाईंनी हातानं थांबवलं.

मधल्या सुट्टीत भामा मैदानात बाईंजवळ आली. मी शेजारीच होते.

"मावशे, ते गाणं कुणी लिव्हलंय?"

"मी."

भामानं थोडा विचार केला.

"मग पूस."

पाटीवरचं पुसायला सांगावं तसं ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "बघते."

त्यानंतर बाईंचं जे चाललं ते मी जवळून पाहिलं. संध्याकाळी भामा सावंत वहिनींकडे शेंगा फोडत बसली की बाई माझ्याकडे यायच्या. "शैला, पोरगी म्हणते पूस. पुसायला काय, आत्ता पुसते. पण जागा रिकामी राहते. चार मात्रांची. तिथं काय मागू धरणीकडे? मला तर तिच्याकडे काही मागावंसंच वाटत नाही."

"मग ती ओळच काढून टाका ना, बाई."

"आणि पोरांनी चार ओळी नुसतं तिचं कौतुक करायचं? ते तर मला त्याहून नको आहे."

मी माझ्या परीनं शब्द सुचवायची. "'जवळी घे' बसेल?"

त्यांनी मनात मोजलं. "बसतं. पण जवळ घेणं आणि कुशीत घेणं, फरक काय?"

"'सांभाळून'?"

"लांब आहे. आणि तिनं सांभाळलं नाही."

राणे सरांना कुठून तरी कुणकुण लागली. त्यांनी 'आशीर्वाद दे' असं सुचवलं. बाई पुष्कळ दिवसांनी हसल्या. "आशीर्वाद द्यायला ती काय प्रमुख पाहुणी आहे?"

खरं म्हणजे त्यांचा शब्द अडला नव्हता. शब्दांची त्यांना कधी वाण नव्हती. पण पृथ्वीपुढं उभं राहून आता नेमकं काय म्हणायचं, तेच त्यांना कळत नव्हतं, आणि न कळता त्या काही लिहीत नसत. दिवस जात होते. मुलं जुनीच ओळ म्हणत होती, भामा त्या ओळीला खाली बसत होती, आणि बाई ओठ मिटून उभ्या राहत होत्या.

डिसेंबरात थंडी वाढली. बाहेर झोपणं भामाला सोसेना, तिला खोकला झाला. एका संध्याकाळी मी बाजारातून आले तर जिन्याच्या तोंडाशी दोघी उभ्या. भामा वर बघत होती, बाई तिच्याकडे.

"येतेस वर? नसशील येत तर नको येऊस. घाई नाही."

भामानं बाईंचा पदर धरला.

"मावशे, उचलून घे."

नऊ वर्षांची दणकट पोर. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, खाली वाकल्या आणि तिला उचललं. भामानं डोळे मिटून त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. पहिल्या वळणावर बाई थांबल्या, भिंतीला टेकल्या. मी हात पुढे केला, त्यांनी मान हलवली. तशाच पुन्हा चढायला लागल्या. माझ्या मजल्यावर त्यांना धाप लागली होती. "उतरवा तिला जरा," मी म्हटलं. "उतरवलं तर ती खाली जाईल," त्या म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावर मी त्यांचं दार उघडलं. बाई भामाला घेऊनच आत गेल्या आणि पलंगावर बसल्या. भामानं बऱ्याच वेळानं एक डोळा उघडून छताकडे बघितलं. मग दुसरा उघडला.

मी चष्मा टेबलावर ठेवला आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी बाई रांगांपुढं आल्या. "आजपासून शेवटची ओळ बदलली आहे. मी म्हणते, माझ्यामागून म्हणा." आणि त्यांनी म्हटलं:

उचलुन घे गे, उचलुन घे.

चाल तीच, ठेका तोच. मुलांनी पहिल्याच फटक्यात उचललं. मुलांना काय, त्यांना शब्द बदलल्याचं विशेष वाटलंही नसेल. चौथीच्या रांगेत भामा उभी होती. तिनं ओळ म्हटली नाही. पायाच्या अंगठ्यानं मातीत काहीतरी कोरत राहिली. पण ती बसली नाही. आणि त्या दिवशी बाईंनी कडव्यानंतर ओठ मिटले नाहीत.

प्रार्थना फलकावर लिहायची वेळ आली तेव्हा राणे सर खडू घेऊन अडले. "बाई, 'उचलून' दीर्घ ना? शुद्धलेखनाप्रमाणे?"

"दीर्घच."

"मग?"

"दीर्घ लिहिलं तर एक मात्रा वाढते. ऱ्हस्व लिहा."

सरांनी खडू फलकावरून खाली घेतला. टाच तासायची गोष्ट त्यांनाही माहीत होती.

"लिहा सर. कुणी विचारलं तर माझ्यावर घाला." मग म्हणाल्या, "हा शब्द मी निवडलेला नाही. तो मागितला गेला. आता तो जसा बसेल तसा."

भामा ती ओळ म्हणायला कधी लागली ते मला आठवत नाही. सहावीत होती तेव्हा एकदा लक्षात आलं की ती म्हणते आहे, शेजारणीला कोपरानं ढोसत, बाकीच्यांसारखीच.

बाई अठ्ठ्याण्णवला निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं नाही, फक्त सगळ्यांची नावं घेऊन नमस्कार केला. आम्हाला वाटलं होतं त्या जुईनगरलाच राहतील. पण भामा एक दिवस म्हणाली, "मला माझ्या रानात जायचंय." वडिलांचं रान चुलते कसत होते, आणि नव्या वसवलेल्या गावात तिच्या नावावर घरही होतं. बाईंनी तिला समजावलं नाही, की अडवलं नाही. फ्लॅट विकला, पुस्तकं शाळेला दिली आणि तिच्याबरोबर गेल्या.

पुढच्या संक्रांतीच्या सुमाराला मी त्यांना भेटायला गेले. नवं गाव आखीवरेखीव, सरळ रस्ते, सारखी घरं. बाई दारातच होत्या. माझा चेहरा बघून हसल्या. "शैला, जुईनगरच्या सेक्टरमधून निघाले नि दुसऱ्या सेक्टरमध्ये आले बघ."

भामा नववीला होती, शाळेत गेली होती. चुलते सोलापूरला गेले होते, म्हणून रानाची राखण बाईंकडे होती. आम्ही दोघी बांधावर गेलो. ज्वारी डोक्याएवढी झाली होती, कणसं भरली होती. मी शाळेच्या गोष्टी सांगत होते. गाण्याच्या नव्या सरांनी प्रार्थनेची चाल जलद केली आहे, असं सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील.

"शेवटची ओळ दोनदा म्हणतात?"

"म्हणतात."

"मग म्हणू देत कशीही. आता ती त्यांची आहे."

मी धीर करून विचारलं, "बाई, तुमचा राग गेला का हो?"

त्यांना कुणाबद्दल विचारते आहे ते सांगावं लागलं नाही. पायाखालच्या ढेकळाकडे बघून त्या म्हणाल्या, "राग कसला जातोय. पण रोज उठून तिच्याशीच काम आहे. तिच्यातच पेरायचं, तिच्याकडूनच घ्यायचं. कामाच्या माणसाशी अबोला धरून कसं चालेल?"

माझ्या एसटीची वेळ झाली. रान रस्त्याला लागूनच होतं. मी गाडीत चढले, खिडकीशी बसले. बाई निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आल्या होत्या. त्या हात वर करणार एवढ्यात पाखरांचा एक मोठा थवा ज्वारीवर उतरला. बाई तशाच वळल्या. पदर कमरेला खोचला, बांधावरून दगड उचलून राखणीसाठी टांगलेला पत्र्याचा डबा बडवायला लागल्या आणि जोरात ओरडल्या, "हाऽऽ हाऽऽ! हुर्र!" पाखरं उठली, पलीकडच्या कडेला जाऊन बसली. बाई ओरडत त्यांच्यामागे ज्वारीत शिरल्या. गाडी सुटली तेव्हा त्या दिसत नव्हत्या. नुसती कणसं हलत होती, आणि ती जिथं हलत होती तिथून त्यांचा आवाज येत होता.